कांद्याच्या चाळीतलं मशीन

प्रिय पार्थ,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. चाकणचा तुझा पत्ता तुझ्या वर्गातल्या स्नेहलकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, चिडायला मी आहे.

गेल्या उन्हाळ्यात तू सावेडीला माझ्याकडे आलास, ते सारखं आठवतं. मोबाईलवर बघून क्रिप्टोची नाणी घरीच काढायचं तुझ्या मनात होतं. वहीत लिहून आणलं होतंस: जुना कॉम्प्युटर, एक ग्राफिक कार्ड, महिनाभर चालवून बघायचं, वीज किती खातं, तापतं किती. शहाणपणाचंच होतं. पण कॉम्प्युटर क्लास चालवणारी मी मोठी बहीण, तुला हसले. खेळणं कशाला घेतोस म्हटलं, नाणी काढायला बनवलेलं मशीनच घे. पुण्यातल्या माणसाकडचं ते वापरलेलं मशीन मीच ठरवलं. त्याचा वेग तेवढा पाहिला. याची गरम हवा कुठं सोडायची, हे तू विचारलंस. मी म्हटलं, बघू.

चपलांच्या खोक्याएवढं मशीन, पण आवाज पिठाच्या गिरणीचा. आईनं दोन दिवसांत घराबाहेर काढायला लावलं. तेव्हा तुला फोनवर कोणी सांगितलं, की कांद्याच्या चाळीत ठेव, चारी बाजूंनी वारं लागतं, मशीनला काही होणार नाही? मीच. मशीनला खरंच काही झालं नाही.

चाळीच्या त्याच कोपऱ्यात आईचे गोट होते, बियाण्यासाठी राखलेले कांदे. लग्न होऊन पारनेरात आल्यापासून ती दरवर्षी ढिगातून एकेक कांदा हातात घेऊन बियाण्यासाठी निवडायची, बारीक मानेचा, एका रंगाचा. वर आढ्याला राखेत घातलेल्या बियाचा डबा टांगलेला. मशीनची पाठ नेमकी तिकडे. पावसाळाभर ती गरम हवा त्यांच्यावर आली. पेरलेलं बी उगवलं नाही, आणि लावायला गोट काढायला गेलो तर सगळे सडलेले, हात पाण्यात गेल्यासारखा आत गेला. तिचं वाण संपलं.

भाऊबीजेच्या दिवशी आई अंगणात तुला म्हणाली, "माझं बी संपिवलंस तू. माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हाऊ नगंस." मी ओवाळायचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी खाली बघून निरांजनाची वात सारखी केली. तू न ओवाळून घेताच बॅग उचललीस.

सहा महिने झाले. तू आईला एका शब्दानं सांगितलं नाहीस, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. एकदा माझं नाव घेतलं असतंस, तर भांडण होऊन मिटलं तरी असतं. तुझ्या चांगुलपणानं मला सुखानं भाकरी खाऊ दिली नाही.

यंदा दुकानातलं बी लावलं. निम्मा कांदा जोड निघाला, बाकीच्यात डेंगळे, नुसते फुलांचे दांडे. तरी परवा चाळीत आई सवयीनं चांगले कांदे बाजूला काढत होती, आणि मग हे आपलं वाण नाही हे आठवून परत ढिगात टाकत होती. ते मला बघवलं नाही. मशीन कुणी निवडलं, चाळ कुणी सुचवली, सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग माझ्या पोराला मी कशापायी घालवलं?" आणि पुन्हा कांदा निवडायला लागली.

मनाला लागलं म्हणून हे पत्र लिहितेय, असं म्हणायला आवडलं असतं. ते खोटं आहे. निघताना मी पाया पडायला वाकले, तर आईनं पाय मागे घेतले. म्हणाली, "त्याला लिव्ह. त्यो घरी येईस्तोवर तू बी हितं येऊ नगंस." म्हणून लिहिलं. माझ्यासाठी येऊ नकोस, तेवढं मागायचं तोंड मला नाही. तिच्यासाठी ये. ती रोज एक भाकरी जास्त करते आणि सकाळी गाईला घालते.

ओवाळायची राहिलेली, तुझीच,
ताई