रहमतबीच्या पायांच्या औषधाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
अफू परवाना तपासणी मंडळ,
पळसगढ, जिल्हा चांदा.

अर्जदार : गुलाम रसूल वल्द शेख इमाम, धंदा शिलाई, राहणार मौजे तळेघाट, तहसील पळसगढ.

विषय : पाय स्वस्थ न राहण्याच्या विकारावर पत्नी रहमतबी हिला मिळालेल्या औषधांची तुलना पुन्हा सादर करणे, तिला मंडळासमोर बसू देणे, व ते न जमल्यास दुसरी तजवीज करणे याबाबत.

संदर्भ : १. औषधांची तुलना लेखी सादर करावी, असे आपले पत्र.
२. सादर केलेली तुलना कार्यालयात सापडत नाही, असे आपले पत्र.
३. विकारच आढळला नाही, सबब तुलनेचा प्रश्न उद्भवत नाही, असे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त तिन्ही पत्रे मला एकाच महिन्यात, एकाच टपालवाल्याच्या हातून मिळाली. तिन्हींवर सही एकच आहे. त्यांतील कोणत्या पत्राचे उत्तर द्यावे हे न कळल्याने तिन्हींचे एकत्र उत्तर देत आहे. मी शिवणकाम करणारा माणूस आहे, मराठी सातवीपर्यंत शिकलो आहे, भाषेत काही कमीजास्त झाल्यास क्षमा असावी. मजकुरात कमीजास्त काही नाही.

१. प्रथम विकाराविषयी. माझी पत्नी रहमतबी, वय अदमासे चाळीस, हिचे पाय दुखत नाहीत, सुजत नाहीत, लुळेही नाहीत. चालताना तिला काही होत नाही. ती स्वस्थ बसली किंवा आडवी झाली, आणि त्यातही दिवस कलला, की पिंढऱ्यांच्या आत वळवळ सुरू होते. तिच्याच शब्दांत सांगायचे तर, "हाडाच्या अंदर कोनीतरी चालून राह्यलं, अन् त्याले वाट भेटून नाई राह्यली." पाय झटकले, उठून चालले की थांबते. पुन्हा बसले की पुन्हा सुरू. म्हणजे तिला विसावा हाच रोग आहे. हा रोग जुना आहे आणि वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, असे आम्हाला वरोऱ्याच्या एका वृद्ध डॉक्टरसाहेबांनी सांगितले होते. त्यांनीच संध्याकाळी थोडी अफू घेण्याची चिठ्ठी लिहून दिली होती. ते आता हयात नाहीत. त्यांची चिठ्ठी मी मूळ अर्जासोबत जोडली होती. तिच्यावर "लिहिणाऱ्याने समक्ष हजर राहून खातरजमा करावी" असा शेरा मारून ती परत आली आहे. हे काम माझ्याकडून होणार नाही.

२. आता तुलना. ही मी दुसऱ्यांदा लिहीत आहे.

(अ) सरकारी अफू, जी पूर्वी बाजारातील ठेक्याच्या दुकानी चिठ्ठीवर मिळत असे. ही घेतल्यावर रहमतबी रात्रीच्या नमाजानंतर निजे ती पहाटे फजरच्या नमाजाला उठे. पोट जड होई, तोंड कोरडे पडे. त्यापलीकडे तक्रार नाही. इतक्या वर्षांत तिने मात्रा वाढवून मागितली नाही, उलट रमजानात स्वतःहून कमी करी. मग राज्य बदलले, नियम बदलले, दुकान बंद झाले. पाय तेच राहिले.

(ब) 'सुप्तीन' नावाची पांढरी गोळी, कंपनी कलकत्त्याची, दवाखान्यातून मिळालेली. हिने अर्धी रात्र पाय थांबत. उरलेली अर्धी रात्र अंगाला खाज सुटे. पूर्वी ती पाय झाडी, आता पाय आणि हात दोन्ही चालू लागले.

(क) 'कोडोशांत' नावाची पिवळी गोळी, कंपनी मुंबईची. सकाळी मळमळे, पण रात्रभर झोप लागे. अफूच्या खालोखाल हीच. ही आम्हाला एक महिना मिळाली. त्या महिन्यात घरात हसणे ऐकू आले, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

(ड) ही आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. पुढल्या तिमाहीत दवाखान्याचे टेंडर दुसऱ्या कंपनीला गेले व 'निवांतक' नावाची गोळी आली. हिने पाय थांबले नाहीत, खाजही सुटली नाही, मळमळही झाली नाही. तिच्यात औषध होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

यावर आपल्या एका सन्माननीय सभासदांनी असे म्हटल्याचे कळते की ब, क आणि ड या तिन्हींत अफूचाच एक अर्क सारख्या प्रमाणात आहे, फरक काय तो लेबलाचा, आणि कोणती गोळी द्यायची ते टेंडर ठरवते, रोगी नव्हे. तसे असेल तर तुलना कशासाठी मागवली होती, असे मी दवाखान्याचे कंपाउंडर श्री. गुणवंतराव यांना विचारले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : "मास्टर, फायलीले लागते ना." मी कापडाच्या धंद्यात आहे. एका गिरणीचा माल दोन दुकानांत दोन नावांनी विकला जातो हे मला ठाऊक आहे. पण धुतल्यावर एक आटतो आणि एक आटत नाही, हेही मला ठाऊक आहे, आणि ते गिरणीला विचारून कळत नाही, ज्याच्या अंगावर आहे त्याला विचारावे लागते.

३. आता आपल्या तपासणीविषयी. तळेघाट ते पळसगढ मी बैलगाडी केली होती. गाडीत बसताच रहमतबीला त्रास सुरू झाला, म्हणून ती खाली उतरली आणि सबंध वाट गाडीच्या मागे चालत आली. गाडीत मी, गाडीवान आणि तिची चप्पल होती. पळसगढला पोचल्यावर आपल्या चपराशाने कौतुकाने आत वर्दी दिली की बाई गावाहून पायी आली आहे. परिणामी अहवालाचे पहिले वाक्य "पायांत उत्तम ताकद" असे आहे. हे वाक्य खरे आहे.

दुपारपर्यंत आम्ही व्हरांड्यात रांगेत उभे होतो. नंतर आत बोलावले. टेबलामागे आपण तिघे साहेब बसला होता. टेबलाच्या अलीकडे बसण्यासारखे काही नव्हते. भिंतीला लागून एक बाक होते, त्याकडे ती वळताच चपराशी म्हणाला, "बाई, इथी बसाचं नाई. हे सायबलोकायसाठी हाय." तेव्हा ती उभी राहिली. साहेबांनी पिंढरी दाबून विचारले, दुखते काय? ती म्हणाली, नाही. आता काय होते? ती म्हणाली, आता काही होत नाही. खोटे बोलण्याची तिला सवय नाही. ती गावातल्या मुलींना अंगणात कुराण वाचायला शिकवते, आणि त्या मुलींना सांगते तेच स्वतः करते. आपण "तक्रार नाही" असे लिहिले. तेही खरेच आहे.

तेथून बाहेर येऊन ती व्हरांड्याच्या पायरीवर टेकली मात्र, आणि पाय सुरू झाले. टाचा फरशीवर अशा आपटू लागल्या की रांगेतली माणसे मागे सरली. मी धावत आत आलो आणि ओरडलो, "साहेब, सुरू झालं, आता येऊन पाहा!" मला माझ्या ओरडण्याची लाज वाटत नाही. पायरी आपल्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होती. आपण मान वर केली, महोदय, हे मी पाहिले. मग चपराशाने मला दाराबाहेर केले आणि सांगितले, "तुमचा नंबर झाला मास्टर. आता पुढच्या खेपेले." त्या दिवशी ती पायरीवरून उठून गावापर्यंत पुन्हा चालत आली. वाटेत ती एकदाच बोलली, "तुमी कायले चिल्लावले? त्यायनं लिवून टाकलं होतं ना." मला फार राग आला होता. तो अजून आहे, आणि अर्जात राग लिहू नये अशी रीत असली तरी तो मी लिहीत आहे.

४. आपल्या तिसऱ्या पत्राच्या शेवटी एक सवलत दिली आहे. विकार सिद्ध होत नसला तरी रहमतबीने 'व्यसनी' म्हणून नाव नोंदविल्यास तिला दरमहा अफू मिळेल, व दर तिमाहीस ती कमी करीत नेऊन शेवटी बंद केली जाईल. श्री. गुणवंतराव हे भले गृहस्थ आहेत. त्यांनीही मला बाजूला घेऊन समजावले, "सही करून टाका, मास्टर. व्यसनी लिवलं का अफू भेटते. बिमार लिवलं का कागदच फिरत राह्यते." मी घरी येऊन तिला सांगितले. तिने फॉर्म पूर्ण वाचला आणि घडी घालून मला परत दिला. म्हणाली, "मी बिमार आहो, अफूबाज नाई. सही नाई करत मी."

तिला मी आग्रह केला नाही. व्यसनी लोकांची नावे चावडीच्या भिंतीवर चिकटवतात. ती लागल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात एकही मुलगी येणार नाही, हे तिला कळते आणि मलाही. झोप घेऊन इज्जत द्यायची, हा सौदा तिला पटला नाही. आपण तिच्या जागी असता तर आपल्यालाही पटला नसता, असे मी धरून चालतो.

५. सध्याची हकीकत अशी. दिवे लागले की ती अंगणात येरझारा घालते. दमली की माझ्या शिलाई मशीनवर बसते आणि पायडल मारते, कारण पाय हलते असले म्हणजे तिला बसता येते. दोरा वाया जाऊ नये म्हणून सुई काढून ठेवते. मशीन रिकामीच चालते. शेजारचे लटारू पाटील यांनी आवाजाची तक्रार केली. मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण तक्रार मागे घेतली नाही. तीही आपल्याकडे येईल. ती जागी म्हणून मीही जागा. दिवसा कात्री हातात धरून मला डुलकी लागते. वडसा येथील नाटक मंडळीचा राजाचा अंगरखा मी दोन डाव्या बाह्यांचा शिवला. त्यांनी काम परत घेतले, आणि ते बरोबरच केले.

हे सगळे सोसण्यासारखे आहे. पुढचे नाही. गेल्या जुम्म्याला ती भाजी निवडता निवडता, मीठ संपले असे सांगावे तशा आवाजात मला म्हणाली, "आता मले विहीर बरी वाटून राह्यली. थंडी हाय, अन् तिथी पाय थांबतीन." मी त्याच दिवशी विहिरीवर फळ्या ठोकल्या. आता पाणी भरायला मी नदीवर जातो आणि जाताना तिला सोबत नेतो. गावात सगळे विचारतात, विहिरीला काय झाले. मी सांगतो, पाणी खराब झाले. विकार आढळला नाही असे आपण लिहिले आहे, महोदय. मला तो रोज आढळतो.

६. सबब माझी पहिली विनंती अशी की पुढील तपासणीस रहमतबीला संध्याकाळच्या वेळी बोलवावे आणि अर्धा तास बसू द्यावे. तिच्याशी बोलू नये, काही दाबू नये, फक्त बसू द्यावे आणि साहेबांनी पाहावे. बाक साहेबलोकांचे असल्यास मी घरून तिपाई आणीन. तिपाई आत आणण्यास परवानगी लागत असल्यास हाच अर्ज त्या परवानगीचाही समजावा. विकार दिसल्यावर अफू किंवा कोडोशांत, यांपैकी जे देणे सरकारला सोयीचे असेल ते द्यावे. सुप्तीनही चालेल. खाज आम्ही सोसू.

७. हे शक्य नसल्यास दुसरी विनंती. व्यसनी म्हणून नोंदणीचा फॉर्म मी या अर्जासोबत भरून जोडला आहे. तो रहमतबीचा नाही, माझा आहे. मी आयुष्यात अफू चाखलेली नाही, विडीसुद्धा ओढत नाही, हे येथेच लिहून देतो म्हणजे नंतर कोणी मला लबाड म्हणणार नाही. पण फॉर्ममध्ये हे विचारलेले नाही. त्यात नाव, वय, धंदा, किती वर्षे घेतो, एवढेच विचारले आहे. वर्षे मी तिची लिहिली आहेत.

मंडळासमोर मी उभा राहीन. माझे डोळे खोल गेले आहेत, जांभया थांबत नाहीत, उभ्याने झोक जातो, बोटांना सुया टोचून जखमा आहेत. रहमतबी आपल्याला निरोगी दिसली, तसा मी आपल्याला अफूबाज दिसेन याची मला पूर्ण खात्री आहे. मंडळ जे दिसते ते लिहिते. मला मिळणारी अफू कोणाच्या पोटात जाईल, हे आपल्याला आता माहीत झाले आहे. चावडीच्या भिंतीवर माझे नाव लावावे. ठळक अक्षरांत लावले तरी हरकत नाही. माझ्याकडे कुराण शिकायला कोणी येत नाही, सदरे शिवायला येतात, आणि अफूबाज शिंप्याकडून सदरा शिवून घ्यायला लोक तयार होतात की नाही ते मी पाहून घेईन.

तिमाहीस मात्रा कमी होऊन शेवटी बंद होईल, हे मला समजले आहे. तोपर्यंत ती झोपेल. त्यानंतरचा अर्ज त्यानंतर करीन.

दोन्हींपैकी एका विनंतीवर आपला शिक्का उमटावा याची वाट पाहणारा, आपला नम्र,

गुलाम रसूल शेख इमाम
मौजे तळेघाट
दिनांक १७ डिसेंबर १९५८

सोबत :
१. वरोऱ्याच्या मयत डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी, आपल्या शेऱ्यासह.
२. रहमतबीच्या नावे आलेला व्यसनी नोंदणीचा फॉर्म, कोरा.
३. अर्जदाराच्या नावे व्यसनी नोंदणीचा फॉर्म, पूर्ण भरलेला, सहीसह. रहमतबीला याची खबर नाही. कृपया उत्तर घरच्या पत्त्यावर न पाठवता कंपाउंडर श्री. गुणवंतराव यांच्या हाती द्यावे.