बांधावरचा निळा चौकोन

हर्सूल,
ता. ११ जानेवारी २०२६

राजेंद्र यास द्वारकाअक्काचा जयभीम.

आम्ही बरे आहोत. सरिताचे गुडघे कसे आहेत? तू फोन उचलत नायस, उचललास तर "अक्का, आवाज येत नाय" म्हणून ठेवतोस. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आहे, तरी सगळं वाच.

परवा सूनबाई मोनिका म्हणाली, "आई, तुमचं गंगापूरकडचं माहेर मोबाइलमध्ये वरून दिसतं." मी म्हणलं, "वरून काय बघायचं? मी काय घार आहे?" तरी बघितलं. नाल्याचं वळण ओळखलं, विहाराचा पत्रा ओळखला, मग आपला बांध. बांधावर लिंब नव्हता. तिथं निळा चौकोन.

मी म्हणलं, काचेवर काय लागलंय, पूस. तिनं पुसली. चौकोन तिथंच.

"शेततळं आहे आई ते. प्लास्टिक अंथरलंय."

फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे म्हणे. आणि दिवाळीत तू काय बोललास? "लिंब झकास हाय अक्का, सावली लई." खोटारड्या.

पाण्याला माझी ना नाय. शेत तुझं, खण. झाडंही तुटतात. मी झाडासाठी रडत नाय.

पहिल्या बाळंतपणाला मी तिकडंच होते. पोरगी तीन दिवस जगली. मला खाटेवरून उठवत नव्हतं. दादांनी तिला फडक्यात घेतलं आणि कुदळ तू घेतलीस. आल्यावर म्हणलास, "लिंबाखाली ठेवली अक्का, खूण राहील." पंधरा वर्षांचा होतास, माझ्याएवढाच रडलास. तीस वर्षं मी कुणापाशी विषय काढला नाय. मोनिका विचारते, झाडापायी एवढं काय?

त्या मोबाइलमध्ये मागचं साल दाबता येतं. दाबलं की लिंब परत उभा राहतो, हिरवा ठिपका. रोज भाकरी टाकायच्या आधी बघते. हात ठेवायला जावं तर सगळं रान बोटाखालून सरकतं.

जेसीबी लावलास तेव्हा तू तिथं होतास का? काय निघालं? ती माती कुठं टाकलीस? बांधावर टाकली असंल तर बांध दाखव, रस्त्यावर टाकली असंल तर रस्ता दाखव. मी गुरुवारी सकाळच्या एसटीनं येते. चहापाणी नको. सरळ शेतात नेऊन जागा दाखव.

तिची आई,
द्वारका