वैशालीची पीएच.डी. आणि माझी मुलाखत

१७ जानेवारी
हळदीकुंकू झालं. सुनेने, वैशालीने, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या वाटल्या. लाडू मी वळले, चहा मी ठेवला, आणि बायका यायला लागल्या तशी स्वयंपाकघरात जाऊन बसले. कोणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागत नाही. हे गेल्यापासूनची तिसरी संक्रांत.
बायका गेल्यावर वैशालीने सतरंजीवरच लॅपटॉप उघडला. तिच्या पीएच.डी.चा विषय: विधवा प्रथा बंद करण्याच्या ग्रामपंचायतींच्या ठरावांची अंमलबजावणी. मी कपबश्या विसळल्या.

२२ जानेवारी
वै. पंचायत समितीत विस्तार अधिकारी. सरकारी नोकरांसाठी विद्यापीठाने ही पीएच.डी. काढली, सार्वजनिक धोरण आणि प्रशासन. नोकरी सांभाळून करायची म्हणे. म्हणजे नोकरी ती सांभाळते, बाकी सगळं मी.
आज तिचं पहिलं प्रकरण वाचलं. सातवीनंतर शाळा सुटली तरी माझं वाचन सुटलं नाही, हे वाचनालयातून पिशवी भरून आणायचे. पण असं कधी वाचलं नव्हतं. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं आणि त्यात बाई कुठेच नाही. ‘लाभार्थी घटक’ आहे. म्हणजे मी घटक.

३ फेब्रुवारी
गाईडचा फोन. विद्यापीठाच्या समितीने तिच्या मुलाखती परत पाठवल्या. सगळ्या विधवांची उत्तरं सारखी: ठराव चांगला, मान मिळतो, तक्रार नाही. म्हणे हे अभ्यासाला चालत नाही. पुढच्या सादरीकरणातही असंच निघालं तर नोंदणी रद्द. वै. न जेवता झोपली. तिच्या वाटची भाकरी मी सकाळी गाईला घातली.

५ फेब्रुवारी
मागच्या गल्लीतली शेवंता मेथी निवडायला आली. तिचाही नवरा गेलेला, तिचीही मुलाखत झालेली. म्हटलं, खरं काऊन नाही सांगितलं?
“तुह्यी सून मागच्या गल्लीत बी सरकारी जीपमधून आली वं बाई. संगं ग्रामसेवक. माह्यं घरकुल त्याच्याच हातात. त्याच्यापुढं म्हनू का, ठराव भिंतीवर टांगला अन् नातसुनेची ओटी मले भरू देत नाहीत?”
“मग काय सांगितलं?”
“सारं बेस हाय म्हनलं. बिस्कुटं बी आनली होती मॅडमसाठी.”
हसलो दोघी. मग मला राग आला. ठरावावर, जिपेवर, बिस्किटांवर.

८ फेब्रुवारी
वै.ला सांगितलं, जीप सोड, ग्रामसेवकाला घरी बसव. रविवार पाहून ती साखरखेर्ड्याला स्कूटीवर गेली, साधी साडी नेसून. बायकांनी खुर्ची आणली, स्वतः खाली बसल्या. एकीने शौचालयाच्या अनुदानाचा अर्ज पुढे केला.
“पायी गेले तरी मी मॅडमच आहे, आई.”


११ फेब्रुवारी
आज बोललेच. “गावोगाव विचारत फिरतेस. मला विचारलं नाहीस.”
“तुम्ही घरच्या आहात.”
“घरची बाई विधवा नसते का?”
तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “विचारलं असतं तर मला बरं वाटेल तेच तुम्ही सांगितलं असतं. शेवंतामावशींसारखं.”
पोरगी हुशार आहे. म्हणूनच जास्त चिडचिड होते.

१५ फेब्रुवारी
गाईड म्हणाले, घरच्या माणसाची मुलाखत चालेल, पण नातं लिहावं लागेल. म्हणजे ‘संशोधिकेची सासू’. लिही म्हटलं.
रेकॉर्डिंगला मोबाइल मधे ठेवून ती कागदावरून वाचायला लागली. आपणास समारंभांत सहभागी करून घेतले जाते का?
“कुठल्या समारंभात?”
“हळदीकुंकू वगैरे.”
“लाडू करते. आत बसते.”
“कोणाच्या घरी?” कागदावरचा पुढचा प्रश्न होता, तिने सवयीने वाचला. वाचल्यावर मान वर केली.
“आपल्याच.”
मोबाइल चालूच होता.
“मी तुम्हाला आत जा म्हटलं नव्हतं, आई.”
“नाही म्हटलंस. बाहेर या, असंही नाही म्हटलंस.”
मग पुढचं सगळं सांगितलं. कुंकू मला नको. ते यांच्याबरोबर गेलं, ते कोणाच्या ठरावाने परत नको. पण सतरंजीवर बसायचं होतं. आणि गाळणी पाहिजे होती. घरातली फाटली आहे, वाण म्हणून घरच्या बाईला देत नाहीत.
ती हसेल वाटलं होतं. रडली.

१८ फेब्रुवारी
प्रकाशला, माझ्या मास्तर मुलाला, कळलं. “आई, हे तिचे साहेब वाचतील. खेड्यात ठराव करा म्हणून सांगते अन् हिच्याच घरात असं, म्हणतील. कार्यालयात मान वर करता येणार नाही तिला.”
त्याचंही खोटं नाही. “तू तरी कधी म्हटलं होतंस, आई बाहेर ये?” असं विचारलं. फोन आला म्हणून अंगणात गेला. फोन आल्याचा आवाज मला तरी आला नाही.

२५ फेब्रुवारी
उद्या सादरीकरण. वै.ने दोन प्रती केल्या, एक माझ्या मुलाखतीची, एक तिच्याशिवाय. भाकरी थापत होते, तिथे येऊन उभी राहिली.
“ठेवू का तुमचं?”
“बोलायचं ते मी बोलले. पीएच.डी. तुझी.”
“म्हणजे मीच ठरवायचं.”
“मग काय ग्रामसभा बोलवायची?”
चिडून गेली. मीही चिडलेलीच होते. भाकरी करपली.

२६ फेब्रुवारी
पहाटेच्या एसटीने गेली. दिवसभर तिचा फोन नाही. प्रकाशने शाळेतून फोन करून दोनदा विचारलं.
आता संध्याकाळी तिचा फोन आला. समितीचा निर्णय नंतर कळवतील, नोंदणी राहते की जाते काही समजलं नाही. “तुमचं ठेवलं, आई. गाळणीसकट सगळं वाचलं.”
“काय म्हणाले?”
“एका मॅडमनी एकच विचारलं. पुढच्या संक्रांतीला सासूबाई बाहेर बसणार का? मी म्हटलं, त्यांना विचारून सांगते.”
फोन ठेवल्यापासून तेच चाललंय डोक्यात. बसले तर शेवंता काय म्हणेल, बाकीच्या उठून जातील का, त्याच्या पुढच्या वर्षी येतीलच का आमच्याकडे. वै.चं नाव आधीच अडकलं आहे त्यात. हे असते तर यांना विचारलं असतं. पण हे असते तर विचारायची वेळच आली नसती.
भात टाकला आहे. तिची गाडी चिखलीपर्यंत आली असेल. आल्याबरोबर विचारेल, हात धुवायच्या आधी.