सुएमीच्या झोपेचा तक्ता

४ मे, सकाळी ७
आजपासून शिस्त. सुएमीला ऑटिझम आहे, मान्य. म्हणून आठ वर्षांच्या पोरीने रात्रभर जागायचं? डॉक्टरीणबाईंनी चौदा रात्रींचा तक्ता दिलाय. कधी झोपली, कधी उठली. तो बघून औषध ठरणार. जो जागतो त्यानेच भरायचा, म्हणाल्या. जागते नेल्बा, पण बायकोचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी नोंदणी कचेरीत एकवीस वर्षं काढलीत. मीच भरणार. जागणारही.

५ मे
झोपली ९, उठली ६. मी साडेनऊपर्यंत जागा. पुढे सुएमी-नेल्बाच्या खोलीतून हॅमॉकची कडी करकरत होती. हॅमॉक हलतोय म्हणजे पोर झोपलंय. आमच्या मेरिदात सगळे हॅमॉकमध्येच झोपतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

७ मे
नेल्बा चिडली. हॅमॉक काय भूत हलवतं, म्हणे. पहाटेपर्यंत दोरी तीच ओढते. हात थांबला की सुएमी उठून भिंतीवर डोकं आपटते. बायका वाढवून सांगतात. तरी 'किंचित चुळबुळ' असं लिहिलं.

१० मे, मातृदिन
भेट म्हणून कडीला तेल घातलं.

११ मे
चिडीचूप. नऊ तास! मलाही काय छान झोप लागली. तेलाचं डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

१४ मे
मक्याच्या तोर्तिया भाजताना नेल्बाचा डोळा लागला. हात तव्यावर. बराच भाजलाय. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, एक रात्र तरी दोरी धरा. धरणार म्हणजे धरणार.

१५ मे
धरली. दहा मिनिटं तर नक्कीच. सकाळी सुएमी अंगणात, नेल्बाच्या मांडीवर. कपाळावर टेंगूळ. एका रात्रीपायी तक्ता कशाला बिघडवा? ९ ते ६.

१८ मे, संध्याकाळी
दवाखाना. तीन तास रांग. आत गेल्या गेल्या नेल्बा खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. डॉक्टरीणबाईंनी आवाज बारीक केला. तक्ता वाचून म्हणाल्या, एवढं तर माझी मुलंही झोपत नाहीत. मग विचारलं, तुम्ही स्वतः जागलात ना?

खरं सांगायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. सही केली. औषधाची गरज नाही म्हणाल्या. पुढची तारीख नोव्हेंबर.

लाज वाटली. नेल्बाला हलवून उठवलं. बाहेर आल्यावर तिने पट्टीच्या हाताने पिशवी उघडली. औषध इथेच देतात की दुकानातून आणायचं, विचारलं.

नोव्हेंबरात बघू, म्हटलं.

ती पिशवी तशीच धरून उभी राहिली.