कौल यॉर्कचा होता

अहो,

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तुम्ही इथं बहरीनला आणि मी गावी, तेव्हा पत्राचा मायना हाच असायचा. तुमची बहीण चिडवायची, "नवऱ्याला कुणी नुसतं अहो लिहितं का? प्रिय लिही की!" मला लाज वाटायची. आज इतक्या वर्षांनी पुन्हा कागद घेऊन बसले, तर हात आपला 'अहो'वरच गेला.

आज शुक्रवार, मला सुट्टी. सकाळी सईचा मेसेज आला. "आई, आजच ठरव. यॉर्क की बाथ? तिकिटं संपतायत." लेकीचा लंडनमधला पदवीदान समारंभ पुढच्या महिन्यात आहे, आणि त्यानंतरचे दोन दिवस रेल्वेनं कुठल्या तरी छोट्या शहरात जायचं आहे. हे तुम्हाला काय सांगायचं, बेत तुमचाच! तिघं जाणार होतो. आता मायलेकीच जाणार. तुम्हाला जाऊन साडेतीन महिने झाले, आणि दोन शहरांतलं एक निवडायला मला अजून तुम्ही लागता. म्हणून लिहितेय.

आठवतंय ना, केवढे भांडलो होतो?

तुम्हाला यॉर्क हवं होतं. तिथं जुन्या इंजिनांचं मोठं संग्रहालय आहे, हे एक कारण. दुसरं कारण तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचात: "लंडनहून बाथला दीड तास आणि यॉर्कला दोन. म्हणजे अर्धा तास जास्त बसायला मिळतं." मी म्हटलं, अहो, लोक लवकर पोचायला बघतात! तर म्हणालात, "या बेटावर रेल्वेचा एक रूळ नाही. सव्वीस वर्षं इथं काढली. मला पोचायचंच नाही, मला बसायचंय."

मला बाथ हवं होतं. माझं माहेर तुरळचं, गरम पाण्याच्या कुंडाचं. लहानपणी थंडीत आम्ही पोरी पहाटे कुंडावर जायचो, धुणंही तिथं आणि गप्पाही तिथं. इंग्लंडातसुद्धा जमिनीतून तसंच पाणी येतं आणि त्यावर एक अख्खं शहर उभं आहे, हे वाचल्यापासून मला ते बघायचं होतं. त्यावर तुमचं काय? "आंघोळीला इंग्लंडला जायचं? जून लागला की आपल्या थंड नळाला उकळतं पाणी येतं, तेच बघ!" आणि मग रोज संध्याकाळी मआमीरच्या वर्कशॉपमधून आलात की दारातच सुरू, "काय, झालं का तुझं बाथरूमचं तिकीट?"

मी चिडायचे. खरंच चिडायचे. दोन दिवस तुम्हाला डब्यात कारल्याची भाजी दिली ती मुद्दाम दिली होती, हे आज कबूल करते.

शेवटी तोडगा तुम्हीच काढलात, आणि तो तुमच्यासारखाच होता. तुमचा भाऊ दिनू गावच्या देवळात नव्या विहिरीचा कौल घ्यायला गेला होता आणि गाभाऱ्यासमोरून त्यानं आपल्याला व्हिडिओ कॉल लावला. विहिरीचं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "दिनू, आमचं पण विचार. उजवा दिलान तर यॉर्क, डावा दिलान तर बाथ." मी म्हटलं, देवीला असल्या गोष्टी विचारतात का? तुम्ही म्हणालात, "तिला तरी रोज विहिरी आणि लग्नं ऐकून कंटाळा आला असेल."

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या पाकळ्या लावल्या. त्याला बिचाऱ्याला यॉर्क म्हणता येईना, त्यानं 'यारक' म्हणून गाऱ्हाणं घातलं. आपण दोघं मनाम्यातल्या या स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून उभे होतो. गॅसवर भात होता. तुम्ही चेष्टा करत होतात, पण पाकळ्या लागल्यावर चपला काढल्यात, ते मी पाहिलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग स्क्रीनच्या डाव्या बाजूची पाकळी सुटली आणि मी ओरडलेच, "डावी! डावी पडली! बाथ!"

फोनवर दिनू काहीतरी म्हणायला लागला. तुम्ही मध्येच म्हणालात, "हो रे, बघितलं. डावाच. खलास! बाथ." आणि फोन बंद केलात. मला म्हणालात, "जा, भात करपतोय."

त्यानंतर तेरा दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळी डबा घेऊन गेलात, आणि दहाच्या सुमाराला तुमच्या वर्कशॉपमधल्या इब्राहिमभाईंचा फोन आला. तुमच्याबरोबर वीस वर्षं काम केलेला रत्नागिरीचा माणूस, पण त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "वहिनी, मी गाडी घेऊन खाली उभा आहे. तुम्ही फक्त खाली या." मी खाली गेले. पुढचं मला लिहायचं नाही. तुम्हाला गावी नेलं. विमानात तुम्ही खाली होतात आणि मी वर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेराव्याला सगळे पांगल्यावर दिनू माझ्याजवळ येऊन बसला. मान खाली घालून म्हणाला, "वैनी, तुमाला म्हायत नाय. कौल उजवा हुता. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी पडली, आपल्याला ती डावीकडं दिसते. मी सांगत हुतो, तर दादान मला गप केलान." मग उठता उठता म्हणाला, "कौल असा फिरवायचा नस्तो."

देवीचा उजवा! अहो, इतकी वर्षं त्या देवळात गेले, पण बाया बाहेरच्या मंडपात. गुरव उजवा म्हणाला की उजवा, डावा म्हणाला की डावा. तो कुणाचा उजवा, हे बघायची वेळच माझ्यावर कधी आली नाही. तुम्हाला ठाऊक होतं. गावात वाढलेल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि तुम्ही, जे आयुष्यात कधी आजारी असल्याचं खोटं सांगून सुट्टीसुद्धा घेतली नाहीत, ते उघड्या गाभाऱ्यासमोर खोटं बोललात. कशासाठी? माझ्या गरम पाण्यासाठी?

मी तुमच्यावर फार रागावले होते. दिनूच्या मनात वाईट नव्हतं, पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. इथं परत आल्यावर दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसून लोकांची नावं लिहिताना मध्येच हात थांबायचा. कौल फिरवला म्हणून तर नाही ना? मी जर त्या दिवशी तशी ओरडले नसते तर? डॉक्टर म्हणाले की तुमच्या हृदयाच्या नसा बऱ्याच वर्षांपासून चोंदत आल्या होत्या. मला ते पटतं. पण दुपारी पटलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्याला मी काय करू?

म्हणून आज सकाळी मी सईला लिहिलं, 'यॉर्क'. देवीनं दिलेलं आणि तुम्हाला हवं असलेलं. एकदाचं सगळं जागच्या जागी जाईल, असं वाटलं. कारण विचारलंन, तेव्हा कौलाची सगळी हकिगतही लिहिली. तिला आजवर सांगितली नव्हती.

दोन मिनिटांत तिचा फोन. रडत होती की हसत होती, मला कळेना.

"आई, बाबा लाइड टु अ गॉडेस? फॉर यू?"

मी म्हटलं, "हो. म्हणून तर आता यॉर्कला जाऊ."

"नो! आई, ऐक. ही गेव्ह यू बाथ. आणि तू ते परत करतेयस? दुकानात करतेस तसं?"

पोरगी धड मराठीत उत्तर देत नाही म्हणून आपण नेहमी कुरकुर करायचो, पण बोलते मोजकं आणि नेमकं.

खरंच की हो. तुम्ही आणलेलं मी आजवर काय ठेवून घेतलं? बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारातून साडी आणलीत, दुसऱ्या दिवशी मी ती परत करून पडद्याचं कापड आणलं. अत्तर आणलंत, ते परत. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला कानातली आणलीत, तर 'कशाला उगाच' म्हणून मी तुम्हालाच बरोबर घेऊन ती परत करायला गेले. तो दुकानदार हसून म्हणाला होता, "भाभी, मुझे मालूम था आप आओगी." तुम्हीही हसलात. पण येताना टॅक्सीत काही बोलला नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, थकला असाल.

तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, नाही का? 'तुझ्यासाठी बाथला जाऊ' म्हणाला असतात, तर मी 'नको, यॉर्कच' म्हटलं असतं. मला काही द्यायचं तर ते देवीच्या नावावर द्यायला हवं, म्हणजे परत करता येणार नाही. सव्वीस वर्षांत एवढं ओळखलंत मला, आणि मी तुम्हाला? मी कारल्याची भाजी देत होते.

फोन ठेवताना सई म्हणाली, "बाबांनी मला बाथच्या लाइनची सगळी स्टेशन्स विचारली होती. लिहून घेतली होती पेपरवर. बघ ना, असेल."

तुमची कामावरची पिशवी इब्राहिमभाईंनी आणून दिली, तेव्हापासून दारामागच्या खुंटीला आहे. पुसताना ती बाजूला सारायची आणि पुन्हा तिथंच अडकवायची, एवढंच मी आजवर केलं. आज खाली काढली. हातमोजे, चष्म्याची केस, आणि चार घड्या घातलेला वर्कशॉपचा कागद. तुमचं ते मोठं मोठं अक्षर. लंडन पॅडिंग्टन. रेडिंग. डिडकॉट. स्विंडन. चिपनम. बाथ. आणि चिपनमच्या पुढं बाण काढून लिहिलंय: 'इथं मोठा बोगदा. जुना. तिला उठवणे.'

तिला उठवणे.

अहो, तो कागद घेऊन मी तिथंच दाराशी बसले. कितीतरी वेळ.

गावी जाताना दर सुट्टीत तुम्ही मला उठवायचात. गाडी सुटली की मला झोप लागते आणि तुमचा डोळा लागत नाही. आपल्याकडचे रेल्वेचे बोगदे खणत होते तेव्हा तुम्ही तिथं दोन वर्षं फिटरच्या हाताखाली होतात. मग बहरीनचा व्हिसा आला आणि पहिली गाडी धावायच्या आतच तुम्ही इकडं आलात. ज्या रुळांसाठी डोंगर फोडायला हात लावलात, त्यांवरून गाडी जाताना पहिल्यांदा पाहिलीत ती तीन वर्षांनी, सुट्टीवर, पाहुण्यासारखी. त्यानंतर दर वेळी तुमचा हात माझ्या खांद्यावर. "अगं उठ, माझा बोगदा आला." आणि मी दर वेळी काय म्हणायचे? "अंधारात काय बघायचंय?" आणि कूस बदलायचे. एकदासुद्धा उठले नाही. एकदा उठले असते, तर माझं काय गेलं असतं?

आणि एवढं होऊनही तुम्ही विलायतेत मला उठवायला निघाला होतात! यॉर्क हातचं गेलं तर बाथच्या वाटेवर बोगदा शोधून काढलात. म्हणजे तुम्ही कुढत नव्हतात. तुम्ही तयारी करत होतात. हे कळल्यावर आज साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं, आणि मग जास्तच रडू आलं.

सईला कळवलंय. बाथ. तिकिटं काढलीन पण.

देवीचं माझ्याकडे सोडा. दिवाळीत गावी गेले की तिच्यासमोर उभी राहीन आणि सांगेन, चूक माझी होती. मला डावं-उजवं कळलं नाही, आणि त्यांनी मला दुरुस्त केलं नाही, इतकंच. आता मला ओटी भरू देतात की नाही, कोण जाणे. नाही दिली तर बाहेरच्या मंडपातून बोलेन. तिथून पाकळी दिसत नसली, तरी माझा आवाज जात असेलच.

आणि तुम्हाला शब्द देते. पॅडिंग्टनला गाडी सुटली की मी डोळे उघडे ठेवीन. रेडिंग, डिडकॉट, स्विंडन, एकेक नाव तुमच्या कागदावर बोट ठेवून वाचीन. चिपनम गेलं की नीट सरळ बसेन. काचेत माझाच चेहरा दिसेल, दुसरं काही दिसणार नाही, ते मला ठाऊक आहे. तरी बघेन. आणि दिवाळीत गावाकडच्या गाडीत तुमचा बोगदा येईल, तेव्हाही बघेन, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता उठवायला तुम्ही नाही. म्हणून मी झोपणारच नाही.

तुमची,
सुमन