पायडलवरचं रेडियम

अण्णा, आज तुमच्या नातीच्या सायकलला, पायडलच्या कडांना, मी रेडियमच्या पट्ट्या लावल्या. तिचा क्लास सुटतो तेव्हा परळीत अंधार पडलेला असतो आणि रस्त्यावर थर्मल वीजकेंद्राची राख नेणाऱ्या गाड्या तुमच्या वेळेपेक्षा वाढल्यात. पांढरा शर्ट घातला की आपण दिसतो, असं तिला वाटत होतं. मी तुमचंच वाक्य ऐकवलं, "राखंच्या धुरळ्यात पांढरं दिसत न्हाई. हालतंय ते दिसतं."

हे वाक्य तुम्ही मला सांगितलेलं नव्हतं. धाकट्या बहिणीला सांगितलं होतं. तुम्ही थर्मलवरून आलेले, अंगणात तिची सायकल उलटी ठेवलेली, आणि मी दारात उभी. "पाय वरखाली झाले की पट्ट्या लुकलुकत्यात. डायवरला लांबून कळतं, सायकल हाय म्हणून." मी विचारलं, "अण्णा, मला कावून न्हाई लावलं?" तुम्ही मानही वर केली नाही. "तुझी काळजी न्हाई मला. तू बघून चालवतीस." धाकटी खिदळली, "ताई तर ट्रक दिसायच्या आधीच खाली उतरती!" तुम्हीही हसलात.

ती शाबासकीच होती. धाकटी दोनदा पडली होती, तिला गरज होती, हेही मला तेव्हा कळत होतं. तरी माझा टायपिंगचा क्लास नसेल त्या संध्याकाळी मी दारातून बघायची: ती निघालेली, तुम्ही कोपऱ्यावर उभे, ते दोन ठिपके दिसेनासे होईपर्यंत. आपणही एकदा पडावं, असं वाटायचं.

आज पोर निघाली तेव्हा मीही कोपऱ्यावर गेले. "आई, जा ना घरात, लोक बघतायत!" ती ओरडली. ठिपके वरखाली होत लांब गेले आणि मला काळजीच्या आधी हेवा वाटला. पोटच्या पोरीचा.

रात्री हे सगळं धाकटीला फोनवर सांगितलं. ती सहज म्हणाली, "अण्णा तुझ्यासाठीबी उभे राहायचे की. तुझ्या सायकलला तर काही चमकायचंबी न्हाई, तरी अंधारात बघत बसायचे."

बघून चालवणारी मी, अण्णा. नजर कायम पुढं. मागं वळून पाहिलंच नाही कधी. आणि तेही तिनंच पाहिलं, माझ्या वाट्याचंसुद्धा.

हे कुठं धाडणार? पण तुम्हाला एवढं सांगते, फोनवर मी तिला म्हणाले, "माहितीय मला." माहीत नव्हतं.