खालून उत्तर येईना

ती. ताईस,

लहान भावाचा नमस्कार. (पाया पडलो असं समज. प्रत्यक्ष वाकलो तर कंबर उभी राहायला नकार देते.) इकडे सगळे ठणठणीत. तू कशी आहेस, गुडघा काय म्हणतोय, तिकडचं पाणी मानवलं का? भावजींनाही नमस्कार सांग. (बघ, लिहिला की नाही! आता चौदा महिन्यांचा हिशोब उकरून काढू नकोस.)

पत्र लिहायचं कारण तसं काहीच नाही. सहज. दुपारी हात मोकळे होते, कागद होता, पेनही चक्क चालत होतं, म्हटलं ताईला दोन ओळी लिहाव्यात. तुझ्या भावजयीचं म्हणणं की मी गेले चार दिवस हे पत्र 'सहज' लिहितोय आणि तीन वेळा फाडलंय. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

तर झालं काय, महिन्यापूर्वी तपासणी लागली. आपण वीस वर्षं झाडांच्या फांद्या छाटल्या, वाळकी खोडं उतरवली, कुणी विचारलं नाही की बाबांनो कशाच्या जिवावर लटकता. आता कायदा आला आणि कायद्याबरोबर तपासनीसबाई आल्या. अंगाने काडीपैलवान, पण नजर अशी की आपली चेनसॉसुद्धा चालू व्हायला कचरली. बाईंनी सगळं सामान जमिनीवर ताडपत्रीवर मांडायला लावलं. एकेक कडी उघडून मिटून पाहिली, पट्ट्याची शिवण भिंगातून तपासली, मग माझं हेल्मेट उलटं केलं. आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यावर तारीख. हेल्मेट म्हणे नऊ वर्षांपूर्वीच संपलं! मी म्हटलं, अहो, ती काय खोकल्याच्या औषधाची बाटली आहे का? त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. त्या बाईंना काही सांगायची सोय नाही, आपण शिंकलो तरी लिहून घेतात.

आणि मग दोराची पाळी आली. आपला तो जुना दोर, ताई. बाईंनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांमधून सरकवला, अगदी वीत न् वीत, आणि मधे एका जागी थांबल्या. तिथे आतला पीळ मऊ पडला होता. नियम असा की निकामी दोर तिथल्या तिथे कापायचा, म्हणजे मोह होऊन पुन्हा कुणी वापरायला नको. त्यांनी माझ्याचकडून चाकू मागून घेतला आणि चार चार हातांचे तुकडे केले. त्या दोराचं एक टोक वीस वर्षं माझ्या कमरेला आणि दुसरं तुझ्या हातात होतं. घरी येऊन जेवलो नाही, तर तुझ्या भावजयीला वाटलं पित्त झालं.

पण खरी फजिती झाली ती त्याआधी, सकाळीच. तुझ्या जागी मी एक गृहस्थ ठेवलेत, दोर धरायला आणि खालची वाट अडवायला. ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, पण जन्मभर 'आवाज नको' या पाटीखाली बसल्यामुळे बोलतात ते स्वतःच्या शर्टाच्या गुंड्यांशी. आम्ही त्यांना हळूबोले म्हणतो. त्यात नव्या नियमाने त्यांच्या कानांवर ती जाड झाकणं आली, करवतीचा आवाज लागू नये म्हणून. म्हणजे मी ओरडलो तर त्यांना ऐकू येत नाही आणि ते बोलले तर मला.

आता आपली रीत तुला मी काय सांगू, तूच घालून दिलेली! वरच्याने विचारायचं 'खाली मोकळं?' आणि खालच्याने 'मोकळं!' म्हटल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही. (तू नुसतं मोकळं म्हणून कधी थांबलीस? मोकळं, आणि डाव्या हाताची फांदी बघ, आणि सकाळी गोळी घेतलीस का, आणि खाली आल्यावर तो शर्ट धुवायला टाक. सगळ्या गल्लीला माझी प्रकृती पाठ होती.) तर शाळेच्या आवारातल्या उंच झाडावर मी शेंड्याजवळ पोचलो, पाय रोवले, विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. खाली हळूबोले दोर धरून अगदी मन लावून उभे, मान डोलावतायत आणि पुटपुटतायत. नंतर कळलं, मी मान खाली वळवली की बिचारे दर वेळी 'मोकळं' म्हणत होते. बाई शेजारी वही धरून उभ्या. त्यांना वाटलं ही काहीतरी आमची खास पद्धत असेल. मी चाळीस मिनिटं बसून राहिलो. खाली कुत्रंही नव्हतं, आवार स्वच्छ दिसत होतं, पण हात पुढे होईना. शेवटी काय झालं मला कळलं नाही, तोंडातून गेलं, 'ताई, मोकळं का गं?'

बाईंनी हळूबोल्यांची झाकणं उचलून विचारलं, ताई कोण? त्यांनी खरं ते सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. अहवालाची प्रत माझ्यासमोर आहे, जशीच्या तशी उतरवतो: 'वर चढलेली व्यक्ती कामाच्या ठिकाणी हजर नसलेल्या व्यक्तीच्या परवानगीची वाट पाहते. धोकादायक. नापास.' सरकारी भाषेत इतकं खरं मी पहिल्यांदाच वाचलं.

आता विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी आलो नाही, निरोप पाठवला की वाऱ्याने फांदी मोडून रस्त्यावर आलीय. कसला वारा आणि कसली फांदी. पान हलत नव्हतं. मी नोंदणी कचेरीसमोरच्या झाडावर बसून होतो. तुम्ही दोघं सही करून बाहेर आलात, भावजींनी तुझ्या हातातली पिशवी घेतली आणि तू ती दिलीस. (मला कधी उचलू दिली होतीस का एकदा तरी?) एक्कावन्नाव्या वर्षी कुणीतरी तुझं ओझं घेतंय म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग आला, आणि तो मी भावजींवर काढला, त्यांचा काही दोष नसताना. त्यांनी तीन पत्रं लिहिली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. मी चुकलो, ताई. तुझी फार आठवण येते. वर गेल्यावर तर फारच, कारण तिथे दुसरं काही करायला नसतं.

असो. बाकी क्षेम आहे. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : तिकडे झाड म्हणून औषधाला नाही असं ऐकतो. मग तू दिवसभर ओरडतेस कुणावर?

ता. क. २ : मूळ मुद्दा राहिलाच. येत्या सोमवारी फेरतपासणी आहे. नापास झालो तर परवाना जाईल. एका दिवसापुरती येऊन झाडाखाली उभी राहिलीस तर धंदा वाचेल. भावजींनाही आण, त्यांची माफी मला तोंडानेच मागायची आहे. त्यांना माडीवरची खोली देऊ.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. तुला फसवून बोलवायचं मनाला पटेना. फेरतपासणी गेल्या आठवड्यातच झाली. हळूबोले आता हिरवं फडकं हलवतात, मी लगेच करवत चालू करतो. नवा दोर मजबूत आहे, हेल्मेट ताजं आहे, बाईंनी पहिल्यांदाच 'उत्तम' लिहिलं. तेव्हा कामासाठी तुझी काडीचीही गरज उरलेली नाही. तरी ये.